जावई, तीनशे चाळीस ग्रॅम

वर्कशॉपच्या दाराशी एका लोखंडी टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवलेला होता. त्यावर चढल्याशिवाय एकही वस्तू गाडीवर चढत नसे. नट असो, बोल्ट असो, सीटचं कव्हर असो नाहीतर वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी असो. आधी काट्यावर, मग फळ्यावर, मग गाडीवर. हा नियम कात्रीने घातला होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. एकदा टीमच्या कप्तानाने चुकून आपला मोबाइल काट्यावर ठेवला, तर तिने त्याचंही वजन फळ्यावर लिहिलं आणि पुढे 'अनावश्यक' असा शेरा मारला.

कात्री हे तिचं नाव नव्हतं, पण खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. तिची आई शिवणकाम करायची, हे एक कारण. आणि दुसरं म्हणजे, दिसेल त्या भागातून चार ग्रॅम कापल्याशिवाय तिला चैन पडत नसे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी टीममधल्या चौथ्या वर्षाच्या मुलांनाही बिनधास्त उभं आडवं घ्यायची. तिला स्वतःबद्दल शंका फार क्वचित यायची, आणि आली तरी ती दारातूनच परत जायची.

या वजनाच्या नियमाला गेल्या वर्षाचा इतिहास होता. दरवर्षी कुठल्या कुठल्या विद्यापीठांची पोरं आपापली रेसची गाडी स्वतः आखून, स्वतः बांधून स्पर्धेला आणतात. गेल्या वर्षी यांचीही गेली होती. तिथे तांत्रिक तपासणीतच गाडी अडकली आणि ट्रॅकचं तोंडही न बघता परत आली. ते एक वेळ परवडलं असतं. पण डिझाइनच्या परीक्षेत एका पिकल्या केसांच्या परीक्षक बाईंनी पाच भागांवर बोट ठेवून 'हे का?' असं विचारलं, आणि तेव्हाच्या कप्तानाने पाचातल्या तीन वेळा सांगितलं, 'आधीच्या गाडीतही होतं, मॅडम.' मागे उभ्या असलेल्या कात्रीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. परतल्यावर तिने टीमसमोर उभं राहून सांगितलं, "पुढच्या वर्षी गाडी दोनशे दहा किलोच्या आत आणते. आणि गाडीतल्या प्रत्येक भागाचं कारण मी त्या बाईंना सांगते. नाही जमलं तर डिझाइनचं काम दुसऱ्याला द्या, मी झाडू मारीन."

यंदाच्या कप्तानाने हे वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं होतं. मित्र असतातच अशा कामांसाठी.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एकच कायदा होता: कारण सांगा, नाहीतर उतरा. ब्रेकच्या पेडलने कारण सांगितलं, ते राहिलं. पण त्यातला निम्मा धातू भोकं पाडून गेला. सीटमागच्या जाड पत्र्याला कारण सांगता आलं नाही, तो गेला. असं करत करत दोनशे एकतीसवरून आकडा दोनशे दहा किलो आणि एकशे चाळीस ग्रॅमवर आला आणि तिथे अडून बसला. आठवडाभर काही केल्या हलेना. कात्री गाडीभोवती अशी फिरायची, जशी तिची आई गिऱ्हाइकाभोवती तोंडात टाचण्या धरून फिरते.

मग तिची नजर जावयावर गेली.

गाडीच्या सांगाड्यात अगदी मागे, दोन खालच्या पाइपांच्या मधे, वीतभर लांबीचा एक आडवा दांडा होता. त्याने काही पेललेलं नव्हतं आणि त्याला काही अडकवलेलंही नव्हतं. गेली नऊ वर्षं प्रत्येक गाडीत तो तिथेच होता. काम काहीच नाही, पण उठ म्हणायची कुणाची हिंमत नाही, म्हणून कुणीतरी कधीतरी त्याचं नाव जावई ठेवलं होतं आणि नकाशावरही ते तसंच छापलं जात होतं.

कात्रीने त्याची रीतसर चौकशी केली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. कॉम्प्युटरवर गाडीला वळवलं, आपटलं, पिळलं. जावयावर ताण शून्य. मग गेल्या वर्षीच्या कप्तानाला फोन लावला. तो म्हणाला, होता म्हणून ठेवला. त्याच्या आधीचीनेही तेच सांगितलं. तिच्या आधीचा आता एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता, तो म्हणाला, "अजून आहे का तो? माझा नमस्कार सांग त्याला." शेवटी ती वर्कशॉपच्या मास्तरांकडे गेली. मास्तर पन्नाशीचे, बोलणं मोजकं, हातात कायम चिंधी.

"मास्तर, हा दांडा कशाला आहे?"

"मी यायच्या आधीपासून आहे. राहू दे की."

"कारण सांगा, राहू देते."

मास्तरांनी चिंधीने बोटं पुसली. "कारण मला माहीत नाही. पण ज्याने लावला तो वेडा नसणार, एवढं कळतं."

"हे कारण नाही, मास्तर. हा भिडस्तपणा झाला."

मास्तर हसले आणि आपल्या कामाला लागले. त्यांना वाद घालण्यापेक्षा लेथ चालवणं सोपं वाटायचं.

त्या रविवारी ती घरी गेली होती. आईची शिवणाची खोली म्हणजे एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कपडे कापायचे कागदी बेत. कुणाचा तरी जुना कोट टेबलावर उताणा पडला होता आणि आई त्याच्या पाठीतली एक चूण बोटांनी चाचपत होती.

"उसव आणि मोकळी हो," कात्री म्हणाली. "वाकडीच दिसतेय ती."

"वाकडी आहे खरी. म्हणूनच उसवत नाही." आईने चष्म्यावरून बघितलं. "दुसऱ्याने घातलेली चूण ज्याचा कोट त्याच्या अंगावर बघितल्याशिवाय उसवू नये. याचा एक खांदा उतरता असेल."

"नसेल तर?"

"तर तो आल्यावर उसवीन. दोन दिवसांत आभाळ कोसळत नाही."

कात्रीने मान डोलावली आणि डब्यातलं बटण उचलून सवयीने हातावर तोललं. आईचं म्हणणं कोटापुरतं बरोबर होतं असं तिचं मत पडलं.

सोमवारी तिने ठिणगीला बोलावलं. ठिणगी म्हणजे टीमची वेल्डर; ही मुलगी गप्प असायची आणि तिचे टाके मात्र बोलायचे. ग्राइंडर पाच मिनिटं किंचाळला आणि नऊ वर्षांचा जावई खाली पडला. काट्यावर तीनशे चाळीस ग्रॅम भरले. फळ्यावर आकडा आला दोनशे नऊ किलो आठशे. टाळ्या पडल्या. कप्तानाने तारखेचा कागद काढून तिच्यासमोर फाडला. कात्रीने जावयाच्या दोन्ही टोकांना कानस मारली आणि त्याला आपल्या पिशवीत टाकलं. परीक्षक बाईंनी वजनाबद्दल विचारलं तर हातच्या कांकणाला आरसा कशाला.

स्पर्धेला जायच्या दिवशी ती छपाईच्या दुकानात होती. दीडशे पानांचा अहवाल, त्यात प्रत्येक भागाचं नाव आणि पुढे रकाना: कारण. एकही रकाना रिकामा नव्हता. ते गठ्ठे घेऊन ती परत आली तोवर गाडी ट्रकमध्ये चढली होती, ताडपत्री ओढली होती आणि ट्रकवाले काका इंजिन सुरू करून बसले होते. हेच काका दरवर्षी गाडी न्यायचे. तिने त्यांना हात केला, त्यांनी हॉर्न दिला.

सकाळी आठला स्पर्धेच्या मैदानावर ताडपत्री निघाली. पिसू सगळ्यात आधी वर चढला. पिसू हा टीमचा ड्रायव्हर, अंगाने एवढासा, आणि कात्रीचा लाडका, कारण त्याचं वजन सगळ्यांत कमी.

"कात्री," तो वरून म्हणाला, "मागचं डावं चाक जरा रुसल्यासारखं दिसतंय."

चाक आत कललं होतं. त्याला सांगाड्याशी जोडणारा वरचा आर्म, बोटाएवढ्या जाडीच्या दोन पाइपांचा त्रिकोण, मधोमध वाकला होता. त्या वाकलेल्या जागी दोरीचे वळ स्पष्ट उमटले होते. तपासणीचं फाटक चार वाजता बंद होणार होतं, आणि वाकड्या आर्मची गाडी तिथे कुणी उभीही करू दिली नसती.

"काका, दोरी या पाइपला बांधली होती?" कप्तानाने विचारलं.

काका खाली उतरून टायर बघत होते. ते सावकाश आले. "मग कुठे बांधणार? दरवर्षी त्या मागच्या दांड्याला बांधतो. यंदा शोधतोय शोधतोय, दांडाच गायब. तुमच्या पोरांना विचारलं, ती म्हणाली काढलाय. म्हटलं, शिकलेली माणसं, काढला असेल तर विचार करूनच काढला असेल."

सगळ्यांनी कात्रीकडे न बघण्याची इतकी काळजी घेतली की तिला ते बघण्यापेक्षा जास्त लागलं.

"तो दांडा दोरी बांधायला होता?" तिने विचारलं.

"दुसरं काय? पहिल्या वर्षी तुमची गाडी माझ्या ट्रकमध्ये या फळीवरून त्या फळीवर नाचत आली. मीच त्या पोरांना म्हटलं, बाबांनो, बांधायला काहीतरी ठेवा. पुढच्या वर्षी त्यांनी दांडा लावला. चांगली पोरं होती. ऐकायची."

पिसूच्या तोंडून निघून गेलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

कात्रीने तीन कप्तानांना फोन केले होते, कॉम्प्युटरला रात्रंदिवस राबवलं होतं, मास्तरांना भिडस्त ठरवलं होतं. ज्या माणसाला माहीत होतं तो दरवर्षी त्यांच्यासमोर गाडी बांधत होता, आणि त्याला विचारावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्याही नाही. तिला लाज वाटली, आणि ती खरी लाज होती. गेल्या वर्षीची दुसऱ्याच्या उत्तरांची होती, ही स्वतःच्या हातची होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "झाडू नंतर मारते. आधी आर्म. सुटा पाइप आहे ना आपल्याकडे?"

"पाइप आहे," ठिणगी म्हणाली. "टोकाचे तुकडेही आहेत. पण साचा वर्कशॉपमध्ये राहिला. नुसत्या अंदाजाने वेल्ड केला तर दोन मिलिमीटर इकडे तिकडे होणार, आणि मग चाक कुठे बघेल ते देव जाणे."

कप्तान घड्याळ बघायला लागला. टीमबरोबर आलेले मास्तर चिंधी पिळायला लागले. कात्री मात्र वाकड्या आर्मकडे बघतच राहिली, आणि मग उजव्या चाकाकडे. तिच्या डोळ्यांसमोर आईचं लांब टेबल आलं. आई दोन बाह्यांसाठी दोन बेत कधीच काढायची नाही. उजव्या बाहीचा कागद उलटा ठेवला की डावी बाही निघते. लहानपणी हे तिने हजारदा बघितलं होतं.

"उजवा आर्म काढा," ती म्हणाली. "पालथा घाला. तोच साचा."

ठिणगीने क्षणभर विचार केला आणि पाना उचलला. तिला एवढंच पुरत असे.

पुढचे पाच तास सगळ्यांनी मान वर केली नाही. मैदानाच्या कडेला आयोजकांनी वेल्डिंगचा तंबू उभारला होता. तिथल्या जाड लोखंडी पाटावर उजवा आर्म पालथा ठेवला, त्याच्या तिन्ही टोकांना ठोकळे घट्ट बसवले, आणि आर्म उचलून घेतल्यावर त्याची रिकामी जागा उरली. त्या जागेत नवे पाइप बसवायचे होते. मास्तरांनी पाइपांची तोंडं कानशीने अशी घासली की दोन पाइप एकमेकांना टेकवल्यावर मधून उजेड दिसेना. कात्री दर वेळी व्हर्नियर लावून माप ओरडायची, कप्तान लिहायचा. ठिणगी एक टाका द्यायची, थांबायची, दुसऱ्या बाजूला टाका द्यायची. घाईने एका बाजूनेच वेल्ड केलं तर धातू तिकडे ओढला जातो. दोन वाजता आर्म थंड झाला. पुन्हा ठोकळ्यांत बसवला. बोटाने ढकलताच बसला, ना ढिला ना आवळ.

"बसला," ठिणगी म्हणाली. पाच तासांतला तिचा हा पहिलाच शब्द.

चाकं जोडली, मापं घेतली. तीनला दहा कमी. फाटकापाशी रांगेत लागायला हरकत नव्हती. तेवढ्यात कात्रीने पिशवीतून जावई काढला.

"आता हा," ती म्हणाली.

कप्तानाला वाटलं ती गंमत करतेय. "आता? तासभर उरलाय. परत जाताना बघू ना. खाली लाकडं लावून बांधू."

"तपासणी झाल्यावर सांगाड्याला हात लावता येत नाही. आणि परत गेल्यावर हा कोपऱ्यात पडेल, मग पुढच्या वर्षीची कात्री म्हणेल, हे काय आहे, फेका."

"पण मग दोनशे दहाच्या वर जाईल गाडी. तुझाच आकडा."

"जाऊ दे वर," ती म्हणाली. हे म्हणताना तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

मास्तरांनी जावई तिच्या हातून घेतला आणि दोन्ही टोकं पुन्हा घासायला सुरुवात केली. वीस मिनिटांत तो आपल्या जागी होता. रंग द्यायला वेळ नव्हता, त्यामुळे काळ्या सांगाड्यात तो नागडा चकाकत होता. चारला सात मिनिटं असताना गाडी फाटकातून आत गेली. तपासनीसाने नवा आर्म हाताने हलवून बघितला, वेल्ड बॅटरीच्या उजेडात निरखला, आणि गाडीच्या नाकावर हिरवं लेबल चिकटवलं. पिसूने लेबलावर हळूच हात फिरवला. कप्तान एका टायरवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिझाइनची परीक्षा होती. त्याच बाई आल्या. पिकले केस, दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ब्रेक पेडलला भोकं का, त्यांनी विचारलं, कात्रीने सांगितलं. सीट इतकी उताणी का, सांगितलं. मग बाई मागे गेल्या, वाकल्या, आणि त्या एका चकाकत्या दांड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय?"

अहवालात जावई नव्हताच. त्याच्यासाठी रकानाही नव्हता. काहीतरी भारदस्त बोलून वेळ मारून नेता आली असती. मागच्या सांगाड्याचा पीळ कमी होतो म्हणून सांगितलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं.

"ट्रकमध्ये दोरी बांधायला, मॅडम," कात्री म्हणाली. "गाडी धावताना याचं काम काहीच नाही. मी वजन कमी करायला तो कापला होता. कारण कळलं नाही म्हणून. परवा तो नव्हता, म्हणून दोरी मागच्या आर्मला बांधली गेली आणि आर्म वाकला. काल नवा आर्म केला आणि हा परत लावला."

"वजन?"

"तीनशे चाळीस ग्रॅम. त्यामुळे आम्ही आमच्या लक्ष्याच्या एकशे चाळीस ग्रॅम वर आहोत."

"कारण कुणी सांगितलं?"

"आमच्या ट्रकवाल्या काकांनी. त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी तो लावायला सांगितला होता. आम्ही त्यांना सोडून सगळ्यांना विचारलं."

बाईंनी चष्मा खाली सोडला. "मी या दांड्याबद्दल तुमच्या विद्यापीठाला सात वर्षं विचारते आहे," त्या म्हणाल्या. "सात वर्षांत मला चार वेगवेगळी शास्त्रीय कारणं ऐकायला मिळाली. त्यातलं एक तर आलेखासकट होतं." मग त्यांनी काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि पुढच्या गाडीकडे जाताना कात्रीच्या खांद्यावर सहज हात ठेवून गेल्या.

दुपारी पिसूने गाडी ट्रॅकवर नेली. पहिल्या वळणावर कात्रीची नजर मागच्या डाव्या चाकावरून हलली नाही. चाक सरळ उभं होतं, जिकडे बघायला हवं तिकडेच बघत होतं. दुसऱ्या वळणावर तिने श्वास सोडला. दहाव्या फेरीला ती इतकी ओरडत होती की शेजारच्या टीमने तिला प्यायला पाणी दिलं.

परत निघायच्या वेळी ती स्वतः ट्रकमध्ये चढली. "काका, दोरी कशी टाकता ते दाखवा. दोनदा दाखवा."

काकांनी दोरी जावयाखालून घेतली, वेटोळं टाकलं, ओढलं. तिने सोडलं आणि स्वतः बांधलं. मग तिने जावई असलेला जुना नकाशा मांडीवर पसरला. जावयाच्या नावापुढे कारण लिहिलं, 'ट्रकमध्ये दोरी बांधण्यासाठी'. आणि बाजूला फूटपट्टीने एक नवा रकाना आखला: 'कुणाला विचारलं'.

"इथे सही करा, काका."

"मी? कशाला?"

"भाग तुमचा आहे."

काकांनी हात पँटला पुसला, पेन घेतलं आणि जपून, एकेक अक्षर लावून सही केली. मग दांड्याच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय, जावई?"

"त्याचं नाव आहे ते."

"म्हणजे मी सासरा," काका म्हणाले आणि जाम खुश झाले.

सोमवारी वर्कशॉप उघडल्यावर कात्रीने आधी झाडू मारला. बोलली होती ती. मग फळ्यापाशी गेली. दोनशे नऊ किलो आठशे हा आकडा अजून तिथेच होता, भोवती कुणीतरी खडूने फुलं काढलेली. तिने तो पुसला, त्याच्या जागी दोनशे दहा किलो एकशे चाळीस असं ठळक लिहिलं, आणि पुढे एक शब्द जोडला: कारणासकट. मास्तर लेथपाशी उभे होते. त्यांनी ते वाचलं, चिंधीने बोटं पुसली आणि मशीन सुरू केलं.